सहावं बोट

देव आनंदनं भर पार्टीत बूट काढला तो डाव्या पायातला, असं मी वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत छातीठोकपणे सांगत होतो. माझा मावसभाऊ म्हणायचा, उजव्या. यावरून आमची दोनदा मारामारी झाली, त्यातली एक लग्नाच्या पंगतीत. सिनेमा आम्ही दोघांनी एकाच रात्री, एकाच गल्लीत, एकाच पडद्यावर पाहिला होता. फक्त तो पडद्याच्या पुढं बसला होता आणि मी मागं.

गणपतीत रस्त्यावर सिनेमा दाखवायचे तेव्हाची गोष्ट. साल 1981, आजोळ कोल्हापूर. गल्लीच्या दोन खांबांना आडवं पांढरं कापड ताणलेलं, लोखंडी टेबलावर सोळा मिलिमीटरचं प्रोजेक्टर, आणि पडद्यासमोरची सगळी जागा दुपारी चारपासूनच पोती, चटया आणि विटांचे तुकडे टाकून अडवलेली. उशिरा येणाऱ्यानं मुकाट पडद्यामागं जायचं. तिकडूनही चित्र चांगलं दिसायचं, पण उलटं. पाट्या उलट्या, सगळे नायक डावखुरे, गाडीचं स्टिअरिंग पलीकडच्या बाजूला. उलटी नावं वाचण्यात आम्ही इतके तरबेज झालो होतो, की ‘विजय आनंद’ हे नाव सरळ अक्षरांत पहिल्यांदा दिसलं तेव्हा मला ते जरा अनोळखी वाटलं.

त्या रात्री ‘ज्वेल थीफ’ होता. विजय आनंदनं दिग्दर्शित केलेला 1967 चा सिनेमा, म्हणजे तेव्हाच चौदा वर्षांचा जुना. पण गल्लीत तो येणार म्हटल्यावर आठवडाभर आधीपासून माझ्या मामाचा भाव वधारला होता. कारण घरात तो एकट्यानं पाहिलेला होता, आणि तोही थेटरात, पहिल्या दिवशी, पहिला खेळ. “गर्दी म्हंजे काय सांगू! आत शिरताना उजवी चप्पल गेली. एका चपलेनं घरापर्यंत चालत आलो.” ही चप्पल आम्ही इतक्यांदा ऐकली होती, की तिचा अंगठा कसा होता, ती कुणाकडून बांधून घेतली होती, हेसुद्धा पाठ होतं. “चोर कोण निघतो ते सांग की,” म्हटलं, की मामा हातातलं काम न थांबवता म्हणायचा, “सांगणार न्हाई. मी पैसे मोजून बघितलाय.”

मामाचं काम गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात. खडे बसवायचं. कोल्हापुरी साजाला एकवीस पानं असतात: दहा दशावताराची, आठ अष्टमंगलाची, एक ताईत, आणि उरलेली दोन म्हणजे एक लाल माणकाची आणि एक हिरव्या पाचूची. बाकीची एकोणीस दुसऱ्या कारागिरांची, ही दोन मामाची, असा त्याचा हिशेब. माडीवर खिडकीशी बैठक, पुढ्यात लाखेत रोवलेला डाग, आणि डोळ्याला भिंग. दागिन्याला गुजरीत डागच म्हणतात. मला लहानपणी याचं फार नवल वाटायचं. शर्टाला पडला तर आई ओरडते तोही डाग, आणि हजारो रुपयांना विकतात तोही डाग.

सिनेमातला विनय, म्हणजे देव आनंद, हा रत्नपारखी. बाप पोलीस कमिशनर आणि मुलाला नाद हिऱ्यामाणकांचा. तो एका जवाहिऱ्याकडे नोकरीला लागतो. जवाहिऱ्याची मुलगी तनुजा त्याच्या मागं लागते. आणि मग भलतीच माणसं त्याला ‘अमर’ म्हणून हाक मारू लागतात. असा अमर, की जो हुबेहूब याच्यासारखा दिसतो आणि म्हणे देशभर जडजवाहीर चोरत फिरतो. एका पार्टीत तर वैजयंतीमाला आणि तिचा थोरला भाऊ अशोककुमार त्याला सगळ्यांसमोर धरतात. हाच तो अमर, हिच्याशी लग्न ठरवून पळालेला. विनय परोपरीनं सांगतो, मी तो नव्हे. मग खूण निघते. अमरच्या एका पायाला सहा बोटं आहेत.

इथं गल्लीत चिडीचूप. देव आनंद खाली वाकतो, बूट काढतो, मोजा काढतो. पाच बोटं. अशोककुमार ओशाळतो, पार्टी सुटकेचा श्वास सोडते. पडद्यामागं बसलेल्या आम्हा पोरांनी पडद्यावरची बोटं मोजून झाल्यावर आपापल्या पायांची मोजली. शेजारचा एकजण म्हणाला, “दुसरा पाय बघाय पायजे हुता.” पुढं पोलिसात गेला तो.

त्या एका मोज्यावर अख्खा सिनेमा तोललेला आहे, हे मला फार उशिरा कळलं. कळायला वाट मात्र मामाच्या माडीवरून गेली. तो मला एकदा दोन माणकं भिंगातून दाखवत होता. एक अगदी नितळ, डाळिंबाच्या दाण्यासारखं. दुसरं जरा मळकट, आत बारीक रेशमाच्या काड्या अडकल्यासारखं. मी अर्थातच पहिल्याला खरं म्हटलं. मामा खुशीत हसला. “आरं, खाणीतलं माणिक एवढं साफ असतंय व्हय? लई चोख दिसलं की घाबरायचं. आत कायतरी घाण दिसली म्हंजे जीव थंड हुतो.” नितळ माणिक भट्टीतलं होतं. व्हर्नेय नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं ही रीत 1902 मध्ये जाहीर केली: ॲल्युमिनाची बारीक भुकटी ज्योतीतून खाली सोडायची, ती वितळून थेंबाथेंबानं खाली साचत जाते. द्रव्य तेच, रंग तोच, कडकपणाही तोच. पण भिंगाखाली नीट फिरवलं तर आत वाकड्या रेघा दिसतात, ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा, आणि कुठं कुठं हवेचे बुडबुडे. मामा व्हर्नेयचं नाव जाणत नव्हता, तबकडी जाणत होता.

म्हणजे खऱ्याची ओळख त्याच्यातल्या डागावरून. सिनेमातल्या चोराला हे पक्कं ठाऊक आहे. जगात नसलेला माणूस लोकांच्या गळी उतरवायचा, तर तो देखणा आहे, हुशार आहे, असं सांगून भागत नाही. त्याला एक व्यंग द्यावं लागतं. पायाला सहावं बोट दिलं, की त्याचं वजन, त्याची चाल, त्याच्या चपलेचं माप घेणारा चांभारसुद्धा आपोआप तयार होतो. विनयला पाच बोटं आहेत हे सिद्ध झाल्यानं पार्टीतल्या लोकांना काय पटलं? विनय अमर नाही, एवढंच. आणि त्याबरोबर गुपचूप दुसरंही पटून गेलं: अमर आहे. कुठंतरी, सहा बोटांनी चालत. मोजा काढणाऱ्यानं स्वतःच्या हातानं तो पुरावा दिला. रत्नपारखी म्हणवणारा माणूस, आणि त्याच्या हातात बनावट खडा नेऊन ठेवला तर तो खरा म्हणून पदरात बांधून घेतो.

त्या रात्री एवढं कुठलं सुचायला. त्या रात्री ‘रात अकेली है’ लागलं. आशाबाई आमच्या शेजारच्या सांगलीकडच्या, म्हणून कोल्हापूरकरांनी जरा हातचं राखून कौतुक करायचं असतं, पण या गाण्यापुढं ते जमत नाही. सुरुवात कानात कुजबुजल्यासारखी, आणि मग एकदम आवाज वर उसळतो. मंडळाचा भोंगा आमच्या डोक्यावरच बांधलेला. कुजबुज ऐकू येईना म्हणून ऑपरेटरनं आवाज वाढवला, आणि नेमकी त्याच वेळी आशाबाईंनी उसळी घेतली. समोरच्या माडीवर झोपलेलं तान्हं पोर किंचाळत उठलं, दोन कुत्री पळाली. तनुजा मात्र निवांत देव आनंदच्या अंगचटीला जात होती, आमच्या बाजूनं उलट्या हातानं. शोभना समर्थांची ही धाकटी मुलगी. थोरली नूतन या सिनेमाच्या चार वर्षं आधी याच देव आनंदच्या घरासमोर राहून गेलेली, ‘तेरे घर के सामने’त, तोही विजय आनंदनंच केलेला. आजीनं मात्र तनुजाला पाहून एवढंच विचारलं, “ही नूतनची बहीण न्हवं? मग एवढी वाह्यात कशी?”

आजीचं खरं वाक्य रीळ बदलताना आलं. दिवे लागले, भेळवाला फिरला, आणि पोती सारखी करता करता आजी म्हणाली, “ह्यो अशोककुमार काय साधा न्हाई. त्यानं आधी पाकीटं मारल्यात.” सगळे हसले. मामा सगळ्यात मोठ्यानं हसला. “आई, गप की. त्यो पोरीचा भाऊ हाय बिचारा.”

मग पाऊस आला. प्रोजेक्टरवर ताडपत्री पडली, ताडपत्रीवर छत्र्या. शेवटची रिळं दुसऱ्या एका मंडळाकडून सायकलवर यायची होती. ती आलीच नाहीत. कापड भिजून खांबांच्या मधे पोटात खोल गेलं आणि त्यावर बराच वेळ नुसता पांढरा उजेड पडत राहिला. आमचा देव आनंद गंगटोकला पोचला होता. स्वतःच अमर असल्याचं सोंग घेऊन चोरांच्या टोळीत शिरला होता, आणि तिथंच राहिला. पुढची सहा वर्षं.

सहा वर्षं मी अमरची वाट पाहिली. माझी खात्री होती की राहिलेल्या रिळांत दोन देव आनंद समोरासमोर येतात. का नसावी? ‘ज्वेल थीफ’च्या आधी सहाच वर्षं ‘हम दोनो’त तो दोन रूपांत येऊन गेला होता. खुद्द 1967 सालीच ‘राम और श्याम’मध्ये दोन दिलीपकुमार होते. सारख्या चेहऱ्याचा दुसरा माणूस म्हटला, की आपलं मन लगेच जागा करून देतं. रेडिओवर ‘होठों में ऐसी बात’ लागायचं. ढोलांचा तो दणका, मधेच भूपिंदरची ‘शालू’ अशी हाक आणि त्यावर लताबाई. ओठांत कसली गोष्ट दाबून ही बाई नाचते आहे, हे मला माहीत नव्हतं. नुसतं गाणं म्हणून ते पुरेसं होतं, आणि तरीही काहीतरी राहिल्यासारखं वाटायचं.

1987 मध्ये पुण्याला वसतिगृहावर पोरांनी वर्गणी काढून व्हीसीआर भाड्यानं आणला. एका रात्रीत तीन सिनेमे. दुसरा हा. आयुष्यात पहिल्यांदा तो मी सुलट पाहिला. बूट उजव्या पायातला होता. (मावसभावाला पत्र लिहून कळवलं नाही. अजूनही कळवलेलं नाही.)

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांनी हा परिच्छेद गाळावा, पण साठ वर्षं होत आली, आता किती दिवस जपायचं. अमर नाहीच. मुळात कधी नव्हताच. चोर आहे तो अशोककुमार. त्यानंच हा दुसरा माणूस हवेतून उभा केला, त्याला नाव दिलं, प्रेयसी दिली, सहावं बोट दिलं, म्हणजे पोलिसांनी जन्मभर त्याला शोधत बसावं. वैजयंतीमाला नाइलाजानं त्यात अडकलेली. राजवाड्यातल्या त्या समारंभात ती नाचते, तेव्हा ओठांत दाबलेली गोष्ट हीच. गाण्यानं तोंडावर सांगितलेलं असतं आणि आपण पायांच्या ठेक्याकडं बघत बसतो. कहर म्हणजे विनयला पकडल्यावर ते त्याला विजेचे झटके देऊन, तू अमरच आहेस, हे त्याच्या डोक्यात भरवतात. परक्याच्या गळ्यात बांधायला काढलेला खोटा खडा शेवटी पारख्याच्या स्वतःच्याच कोंदणात.

विजय आनंदची कमाल मला इथं वाटते. त्यानं चोरी पडद्यावरच्या तिजोरीत फार कमी केली आहे. हिरे-माणकं सिनेमात आहेत, पण एखादा हार डोळ्यांपुढं आठवून बघा, आठवत नाही. त्यानं हात घातला तो प्रेक्षकांच्या जुन्या साठ्यात. देव आनंद म्हणजे कोण? ‘बाजी’तला जुगारी, ‘जाल’मधला सोन्याची तस्करी करणारा, ‘काला बाजार’मध्ये तिकिटं काळ्यानं विकणारा. ‘सीआयडी’त एकदा पोलीस झाला, पण ती टोपी काय आणि ही चौकडीची टोपी काय, हा माणूस टोपीखाली काही लपवत असणार असं वाटतंच. तेव्हा हा चोर असेल का, या शंकेला पहिल्या रिळापासून खतपाणी. आणि अशोककुमार म्हणजे दादामुनी. सज्जन भाऊ, समंजस वडीलधारे. त्यांच्यावर संशय घेणं म्हणजे घरातल्या थोरल्या काकांच्या खिशात हात घालण्यासारखं. इतर दिग्दर्शक पुरावे लपवतात, यानं ओळखीचा चेहरा पुढं करून ठेवला.

पण गंमत अशी, की तो चेहरा मुळात चोराचाच होता. 1943 साली मालाडच्या बॉम्बे टॉकीजनं ‘किस्मत’ काढला, ज्ञान मुखर्जींचा. त्यात अशोककुमार पाकीटमार होता, सिगरेट ओढत थंडपणे हात मारणारा. कलकत्त्याच्या रॉक्सीत तो सिनेमा तीन वर्षांहून जास्त चालला. पुढं 1958 च्या ‘हावडा ब्रिज’मध्ये तो उलट घरातून गेलेला रत्नजडित ड्रॅगन शोधत रंगूनहून कलकत्त्याला येतो. म्हणजे एकदा चोर, एकदा चोराच्या मागावर, आणि 1967 पर्यंत लोक पहिलं विसरलेले. सगळे नाही. आजीनं ‘किस्मत’ मुंबईत पाहिला होता, लग्न झाल्या-झाल्या. त्या भिजक्या गल्लीत चोर ओळखलेली ती एकटी बाई, आणि तिला आम्ही हसलो होतो.

शेवट पाहून मी दिवाळीला कोल्हापूरला गेलो तेव्हा मामाला सांगितलं, “बघितला एकदाचा.” तो म्हणाला, “मग? आधी सांगितलं असतं तर मजा गेली असती का न्हाई?” मी म्हटलं, गेली असती. मला तेव्हा त्याचा फार आदर वाटला. सहा वर्षं एवढं पोटात ठेवायचं म्हणजे काय.

सिक्कीमबद्दल एक राहिलं. सिनेमा गंगटोकला चित्रित झाला तेव्हा ते वेगळं राज्य होतं, तिथं चोग्याल म्हणजे राजा होता. भारतात ते 1975 मध्ये आलं. आजच्या पोरांना राजवाडा, दरबार, राजघराण्याचे जवाहीर हे सगळं सिनेमाचं थोतांड वाटतं. मामाच्या पिढीला नाही वाटायचं. कोल्हापूर संस्थान विलीन झालं 1949 मध्ये, आणि गुजरीतल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात ‘संस्थानचं काम’ हा शब्द नंतरही कितीतरी वर्षं रोजचा होता. गाण्यांत ‘रुला के गया सपना मेरा’ तेवढं शैलेंद्रनं लिहिलेलं, बाकी मजरूहची. शैलेंद्र 1966 च्या डिसेंबरात गेला. हे गाणं ऐकताना मी ही तारीख विसरायचा प्रयत्न करतो, जमत नाही.

दोन वर्षांपूर्वी मामाकडे गेलो होतो. ऐंशीला टेकलाय. खडे बसवणं डोळ्यांमुळं केव्हाच सुटलं. भिंग खिडकीच्या फळीवर, त्यावर धुळीची साय. करमत नाही म्हणाला, म्हणून मी लॅपटॉपवर ‘ज्वेल थीफ’ लावला. दोन दिवसांत, तुकड्या-तुकड्यांनी पाहिला आम्ही. मोजा काढण्याच्या जागी त्यानं मान हलवली, ‘रात अकेली है’ला मामीनं स्वयंपाकघरातून ‘जरा हळू’ म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी शेवट आला. अशोककुमारचं खरं रूप पुढं आलं आणि मामा खुर्चीत ताठ झाला.

“आयला, अशोककुमार?”

मी सिनेमा थांबवला. मामाच्या लक्षात आलं. तो खिडकीबाहेर बघू लागला, तिथं बघण्यासारखं काही नव्हतं. पंखा फिरत होता. कितीतरी वेळानं मी विचारलं, “मामा, मग ती चप्पल?”

“चप्पल गेलती की खरंच,” तो म्हणाला. “दुसऱ्या सिनेमाला.”